चारचाकीचं पाचवं चाक

मित्रांनो, मी एक जुनी स्टेपनी आहे. गाडीच्या डिकीत, चटईखाली पडून असतं ते जादा चाक. सांगते ती गोष्ट २०२३ सालच्या जानेवारीतली. त्याआधीच्या नऊ वर्षांत सांगण्यासारखं काही घडलंच नाही, आणि तेच तर माझं दुखणं आहे.

कारखान्यातून आम्ही पाच बहिणी एकत्र निघालो. एकाच रबराच्या, एकाच मापाच्या. चौघींना रस्ता मिळाला, मला अंधार. लोक गाडीला चारचाकी म्हणतात. त्या शब्दातच मला जागा नाही! बहिणी झिजल्या, त्यांच्या जागी दुसऱ्या आल्या. मी मात्र कोरीच राहिले. माझ्या अंगावर सुक्या मासळीच्या पिशव्या, नारळ, एकदा तर अख्खा फणस. त्याचा चीक माझ्या अंगावर कायमचा बसला.

गाडी गुणवंतीबाईंची. रत्नागिरीच्या बंदरावर त्यांनी तीस वर्षं मासळी विकली आणि पन्नाशीनंतर गाडी चालवायला शिकल्या. पण किल्ली नवऱ्याच्या खिशात. नवरा गंगाराम होडीवरचा तांडेल, म्हणजे सगळ्या खलाशांचा मुख्य. घरातही तोच तोरा.

"शनिवार-रविवार मी एकटी फिरून येतंय," एके दिवशी बाई म्हणाल्या. "आरे-वारे, जयगडची फेरीबोट, रात्री गुहागर. रविवारी रानातनं पोफळीला, सखूकडे."

सखू त्यांची लहानपणची मैत्रीण.

"एकटी? वाटेत टायर बसला की मलाच फोन करशील गो!"

"नाय केला तर?"

"तर किल्ली तुजी. पण केलास, तर परत स्टेअरिंगचं नाव काढायचं नाय!"

होडी पाण्यात लोटायच्या आधी गंगाराम सगळे दोर ओढून बघतो, जादाचा दोरही बघतो. शुक्रवारी त्याने गाडीचं तेल पाहिलं, पाणी पाहिलं, चाकांना एकेक लाथ मारली आणि म्हणाला, "चारही टणक हायत!"

मला तोंड असतं तर मी ओरडले असते. तीन वर्षांत माझी हवा कुणी पाहिली नव्हती. हवा आपोआप झिरपते, मित्रांनो. मी आतून पोकळ झाले होते.

आरे-वारेचा उतार मला कळला तो नारळ घरंगळत अंगावर आले म्हणून. बाईंनी गाडी थांबवली. "आई गं, काय निळं हाय!" त्या म्हणाल्या. काय निळं होतं, ते मला कसं कळणार? फेरीबोटीवर तर माझ्याखाली खाडीच होती. तरी मी अंधारातच.

रविवारी पोफळीच्या अलीकडे दाट रान लागलं. तिथे 'खट्' आवाज झाला आणि डाव्या बाजूची मागची बहीण बसली. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? बाईंनी नारळ खाली उतरवले, जॅक लावला, मला उचलून बसवलं, नट आवळले. नऊ वर्षांनी ऊन दिसलं. मग त्यांनी जॅक खाली घेतला आणि मी फतकल मारून बसले.

"मेल्ये, तू पण?" बाई म्हणाल्या.

ज्या एका क्षणासाठी माझा जन्म होता, तो असा गेला. बाईंनी फोन काढला. गंगारामच्या नावावर त्यांचा अंगठा थांबला.

तेवढ्यात लाकडाची मोळी घेऊन एक म्हातारी आली. येसूबाई तिचं नाव.

"काय झालं गो बाय?"

"दोन चाकं बसली. एक धावलं म्हणून, नि एक कुणी बघितलं नाय म्हणून."

"पोराच्या फटफटीचा हातपंप हाय माज्याकडं. आणू?"

मग दोघींनी आळीपाळीने पंप मारला. बाईंनी दोनशेपर्यंत मोजलं, पुढे मोजणंच सोडलं. "भात कांडल्यागत हाय की गो!" म्हणून येसूबाई हसत होती.

मी उभी राहिले. मी धावले! सखूच्या दारापर्यंत आणि तिथून चिपळूणपर्यंत. पंचवीसेक किलोमीटर, एवढंच माझं धावणं. चिपळूणला बहिणीचं पंक्चर निघालं. "चारही चाकांत हवा बघू?" दुकानदाराने विचारलं.

"चार नाय रे बाबा," बाई म्हणाल्या, "पाच!"

आणि मला पुन्हा डिकीत टाकलं.

घरी आल्यावर त्यांनी डिकी उघडली आणि गंगारामला एवढंच विचारलं, "गाडीला चाकं किती?"

"चार."

"तुमच्या होडीवर जादाचा दोर मोजता ना? मग हिला का नाय मोजलीत?"

गंगारामने डिकीत वाकून चटई बाजूला केली आणि माझी हवा बघितली. मग त्याने किल्ली खिशातून काढून चुलीशेजारी ठेवली.

पुढे सखू लेकाकडे कराडला राहायला गेली. येसूबाईला बाईंनी नवा पंप आणि सुके बांगडे नेऊन दिले. तिचे गुडघे गेलेत, पण बाईंची गाडी ओळखते. गंगारामने समुद्र सोडला. आता तो बाईंच्या शेजारी बसून "हळू घे गो" म्हणत असतो. ती पहिली गाडी भंगारात गेली, दुसरी आली. माझी लोखंडी चकती काढून घेतली आणि मला गंगारामच्या जुन्या होडीच्या कडेला बांधलं, धक्क्याला होडी घासू नये म्हणून. आता दिवसभर समुद्र दिसतो. खरंच निळा आहे. पण रस्ता संपला, आणि हवाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणीतरी पाचवं असेल, कधीतरी लागेल म्हणून कोपऱ्यात ठेवलेलं. गरज पडायच्या आधी त्याला एकदा हात लावून बघा. गुणवंतीबाई बंदरावर आल्या की अजून मला अंगठ्याने दाबून बघतात. आत काही नाही, हे त्यांना ठाऊक आहे. तरी बघतात.