टायगरची खंडेनवमी

बेळगावच्या वडगावात साईनाथच्या घरी खाली यंत्रमाग होते आणि माळ्यावर जर्मन फौज होती. मागांवर साड्या निघायच्या, साड्यांवर घर चालायचं, आणि घर चालतंय म्हणून माळ्यावर रणगाडे उभे राहायचे. हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त साईनाथच्या तोंडावर कुणी बोलत नव्हतं, कारण बोललं की तो जेवण अर्ध्यावर टाकून वर निघून जायचा.

रणगाडे प्लॅस्टिकचे, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचे. खोक्यातून सुटे भाग येतात, ते जोडायचे, रंगवायचे, आणि मग ते जुने करायचे. या शेवटच्या कामातच सगळी मेख होती. साईनाथ म्हणायचा, जोडायला कुणालाही येतं, रंगवायलाही जमतं, पण जुनं करायला तपश्चर्या लागते. नवाकोरा रणगाडा जत्रेतल्या खेळण्यासारखा दिसतो. खरा रणगाडा चिखलातनं गेलेला असतो, शिपायांच्या बुटांनी त्याचा रंग घासलेला असतो, तेल सांडून त्याची पाठ काळी पडलेली असते. म्हणून हा बाबा आधी गंजाचा रंग द्यायचा, त्यावर मीठ पेरायचा, त्यावर वरचा रंग फवारायचा आणि वाळल्यावर ओल्या ब्रशनं मीठ झाडून काढायचा. मीठ होतं तिथला रंग उडायचा आणि आतला गंज डोकवायचा. मीठ अर्थातच स्वयंपाकघरातलं.

"आमटीत मीठ कमी पडलं तर वरचा एक रणगाडा बुडवू काय वो?" त्याची बायको मंजुश्री एकदा म्हणाली होती. कलावंतानं असल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं असं साईनाथचं मत होतं.

घराच्या लेखी ही सगळी खेळणी होती. पाहुणे आले आणि साईनाथ कुठं आहे म्हणून विचारलं की त्याची आई यल्लव्वा माळ्याकडं बोट करून सांगायची, "वर खेळायलाय." चाळिशी ओलांडलेल्या, पोटाचा घेर वाढलेल्या मुलाबद्दल हे ऐकून पाहुणे चहाचा घोट जपून घ्यायचे. साड्यांचे व्यापारी मारुतीराव माल बघायला आले की मागाच्या खडखडाटातनं ओरडून विचारायचे, "काय साईनाथ, लढाई कुठवर आली रं?" सगळे हसायचे. साईनाथही हसायचा आणि मग जिना चढताना दात खायचा. त्याला बक्षिसाची हाव नव्हती. घरातल्या एका तरी माणसानं, एकदा तरी, मागाकडं बघतात तसं आपल्या टेबलाकडं बघावं, एवढंच त्याला हवं होतं आणि एवढंच त्याला इतक्या वर्षांत मिळालं नव्हतं.

यंदा ते मिळेल असं त्याला वाटत होतं. दसऱ्यानंतर लगेच कोल्हापुरात मॉडेलांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. निपाणीचा सौरव त्याला गाडीतनं घेऊन जाणार होता. सौरवचं मोबाइलचं दुकान होतं, पण त्याचा जीव तोफांत. बेळगावापासून कोगनोळीच्या नाक्यापर्यंत साईनाथची भाषा समजणारा हा एकच प्राणी, आणि तोही असा चिकट की एका नटबोल्टच्या रंगावरनं फोनवर तासभर भांडेल.

प्रदर्शनासाठी साईनाथनं पावसाळाभर एक टायगर रणगाडा केला होता. दुसऱ्या महायुद्धातला, रशियाच्या चिखलात रुतून बसलेला. चिखलासाठी त्यानं येळ्ळूरच्या शेतातली काळी माती आणून चहाच्या गाळणीनं गाळली. फोटो बघून सौरवचा निरोप आला, रशियाची माती हुबेहूब अशीच असते. दोघांपैकी कुणी खानापूरच्या पलीकडचं जंगलसुद्धा धड पाहिलं नव्हतं, पण त्या मातीबद्दल दोघांची खात्री पटली. आता ती माती धरून ठेवणारा शेवटचा वार्निशचा हात तेवढा राहिला होता. हवा जरा कोरडी झाली की तो देऊन टाकायचा होता.

नवरात्र बसल्यावर एका दुपारी साईनाथ आईला हाताला धरून माळ्यावर घेऊन गेला. तिला स्टुलावर बसवलं, भिंग हातात दिलं आणि टायगर दाखवला.

"आव्वा, ह्ये खेळणं न्हाय. खरी गाडीच हाय, निस्ती बारकी. ह्यो बोल्ट बघ. ह्यो पाना बघ. खऱ्या गाडीला जे जे आसतंय ते सगळं हितं हाय."

यल्लव्वानं भिंगातनं बराच वेळ पाहिलं. "ह्येच्यात बसत्यात किती माणसं?"

"पाच."

"आणि चिखलात रुतलीया?"

"व्हय. लई वाईट रुतलीया."

"पाच माणसांची गाडी," यल्लव्वा पुटपुटली, आणि तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. साईनाथला त्या आठ्या बघून गहिवरून आलं. आई काळजीत पडली म्हणजे तिला वस्तू खरी वाटली. तो त्या दिवशी मंजुश्रीशीसुद्धा गोड बोलला.

खंडेनवमीला माग बंद राहिले. विणकराच्या घरात वर्षातनं एवढ्याच दिवशी अशी शांतता असते की भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकून माणूस दचकतो. मागांची झाडलोट झाली, तेलपाणी झालं. धोटे, कात्र्या, पाने, शिलाईचं मशीन, मिक्सर, स्कूटर, जे जे म्हणून राबतं आणि फिरतं ते सगळं धुऊन-पुसून मांडलं गेलं. साईनाथला झेंडू, ऊस आणि कोहळा आणायला बाजारात पिटाळलं होतं. बाजारात ही गर्दी. झेंडूवाल्याशी घासाघीस करून, स्कूटर पूजेला मांडलेली म्हणून ऊस खांद्यावर टाकून चालत, तो घामाघूम होऊन घरी आला.

मागांच्या पुढ्यात पाटावर लाल कापड घातलं होतं. त्यावर ओळीनं धोटे, कात्र्या, पाने. आणि मधोमध, मानाच्या जागी, टायगर.

टायगर लखलखत होता.

चिखल गेला होता. गंज गेला होता. काळ्या तेलाचे डाग, बुटांचे घासे, धूर, सगळी लढाई पुसली गेली होती. काही ठिकाणी रंगही निघून खालचं करडं प्लॅस्टिक उघडं पडलं होतं. त्यावर खोबरेल तेलाचा हात फिरला होता. तोफेवर हळदीची बोटं होती, बुरुजावर कुंकू होतं आणि नळीच्या टोकाला एक झेंडू खोचला होता.

"आव्वा," साईनाथच्या तोंडातनं एवढंच आलं.

"मीच धुतली," यल्लव्वा म्हणाली. ती दमली होती आणि खूश होती. "सगळ्या गाड्या धुतल्या, आणि हीच तेवढी चिखलानं माखल्याली ठेवायची व्हय रं? पाच माणसं बसायची गाडी. वरसभरात त्यास्नी काय झालं म्हंजे? सोड्याच्या पाण्यात बुडवली, दात घासायच्या बुरसानं घासली. लई चिवट चिखल बाबा! आणि ही एक तार निघाली बघ, वाटीत ठेवलीया."

साईनाथनं वाटीत पाहिलं. मंजुश्रीनं त्याच्याकडं पाहिलं आणि पहिल्यांदाच तिला चेष्टा सुचली नाही. ती म्हणाली, "मी सांगितलं वो. पर त्या म्हंटल्या, साईनाथच बोलला खरी गाडी हाय म्हणून."

रागानं साईनाथच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ओरडावं, पाट उलथून टाकावा असं वाटलं. पण ओरडणार काय? इतकी वर्षं ज्यासाठी भांडलो तेच तर आईनं केलं होतं. त्याचा रणगाडा मागाच्या शेजारी, मागाच्या बरोबरीनं बसला होता. त्याला रडूही येत होतं आणि आत कुठंतरी, लाज वाटावी इतका, आनंदही होत होता. या दोन्हींचं काय करायचं ते न कळून तो हातातला ऊस तसाच धरून उभा राहिला.

संध्याकाळी आरतीला शेजारपाजार जमला. मारुतीराव आले. त्यांनी चपला काढल्या, मागाला हात जोडले, स्कूटरला जोडले, आणि टायगरसमोर आले. साईनाथ वाट बघत होता. मारुतीरावांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. त्यांनी टायगरवर हळद-कुंकू वाहिलं, दोन बोटांनी त्याला शिवून ती बोटं कपाळाला लावली आणि म्हणाले, "तुझ्या हातचं काय रं ह्ये? झकास चकाकतंय!"

चकाकतंय! अख्खा पावसाळा साईनाथनं त्याची चकाकी मारण्यात घालवला होता. "व्हय," तो म्हणाला. "आव्वानं जरा हात फिरवलाय."

तेवढ्यात सौरव आला. त्याची सासुरवाडी पिरनवाडीला, दसऱ्यासाठी तो तिथंच उतरला होता, आणि कोल्हापूरला जायच्या आधी टायगर डोळ्यांनी बघावा म्हणून वाट वाकडी करून आला होता. त्यानं पाटाकडं बघितलं. मग साईनाथकडं. मग पुन्हा पाटाकडं. त्याच्या चेहऱ्यावर मयताला आल्यासारखा भाव आला. चारचौघांत काही बोलायची सोय नव्हती, म्हणून तो भिंतीला टेकून गुपचूप उभा राहिला.

आरती झाली. कोहळा फुटला. मग यल्लव्वानं लिंबं आणली. पूजा झालेली गाडी चाकाखाली लिंबू चिरडून पुढं गेल्याशिवाय पूजा पुरी होत नाही. मंजुश्रीनं स्कूटर लिंबांवरनं काढून दारापर्यंत नेली आणि परत आणली. सगळे पांगायला लागले.

"थांबा, थांबा," यल्लव्वा म्हणाली. "अजून एक गाडी ऱ्हायलीया."

तिनं टायगर पाटावरनं उचलून फरशीवर ठेवला. दोन लिंबं त्याच्या पुढ्यात ठेवली. त्यातल्या त्यात बारकी बघून आणली होती, तरी ती रणगाड्याच्या चाकांपेक्षा मोठी होती. तिनं सुरीनं त्यांना चीर दिली, ओळीत लावली आणि मुलाकडं पाहिलं.

"चालीव."

"आव्वा, ती चालत न्हाय."

"चालत न्हाय?" यल्लव्वाचा आवाज बदलला. तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरंच विचारत होती. "खरी गाडी हाय म्हंटलास न्हवं? मी तिला देवाम्होरं बसवली. ह्या सगळ्यांनी हात जोडलं. आता एकदाच सांग बाबा. गाडी हाय का खेळणं हाय? खेळणं आसलं तर तसं सांग, मी उचलून ठेवतो. देव काय रागावत न्हाय खेळण्यावर."

सगळी माणसं दारात थांबली होती. मारुतीरावांच्या मिशीचं टोक किंचित हललं. सौरव भिंतीपाशी मान हलवत होता, नको, नको म्हणून. खेळणं म्हटलं असतं तर उरलासुरला टायगर वाचला असता. रात्री जागून पुन्हा रंगवता आला असता. खेळणं आहे, एवढे दोन शब्द. साईनाथनं तोंड उघडलं, आणि त्याला एकदम कळलं की हे दोन शब्द आज बोललो तर जन्मभर जिना चढायचं तोंड राहणार नाही.

"गाडीच हाय," तो म्हणाला.

"मग?"

मग साईनाथनं सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि फरशीवर गुडघे टेकले. पोट मधे येत होतं. त्यानं बुरुजावर तळहात ठेवला आणि टायगर पुढं ढकलला. तो लिंबापाशी अडला. साईनाथनं जोर दिला. आतलं काहीतरी कट्‌दिशी मोडलं. पुढच्या चाकाचा दांडा होता तो, साईनाथनं बघितल्याशिवाय ओळखलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं तसाच अंगाचा भार टाकला आणि लिंबाचा रस फरशीवर उडाला.

"झालं!" यल्लव्वा म्हणाली आणि तिनं हात जोडले. "आता दारापतूर न्हे आणि मागं आण."

साईनाथ गुडघ्यांवर, हाताखाली रणगाडा धरून, शेजाऱ्यांच्या पायांमधनं दाराकडं निघाला. माणसं अदबीनं बाजूला होऊन वाट देत होती. कुणी हसत नव्हतं. मारुतीरावांनी तर आपलं धोतर आवरून घेतलं. अर्ध्या वाटेत साईनाथच्या लक्षात आलं की आपल्या तोंडातनं आवाज निघतोय. घुर्र, घुर्र. केव्हा सुरू झाला ते त्याला सांगता आलं नसतं, आणि आता थांबवावा तर गाडी बंद पडल्यासारखं दिसलं असतं.

भिंतीपाशी सौरवला राहवेना. तो पुढं आला, शेजारी वाकला, आणि हलक्या आवाजात, पण अगदी गंभीरपणानं म्हणाला, "साईअण्णा, टायगरचं इंजन लई मोठं आसतंय. एवढा बारीक आवाज न्हाय त्येचा."

साईनाथनं आवाज जाड केला आणि टायगर उंबऱ्याकडं नेला.