बदलीवाल्यांच्या ओळी

"नाव नाही म्हणजे नाही!" युनियनच्या कचेरीतले रमाकांतकाका म्हणाले आणि त्यांनी कीबोर्ड पुढे ढकलला. तिसऱ्यांदा.

पासष्टी उलटलेले लवू घाडी मान डोलावून निघालेच होते. पण या खेपेला सोबत नात होती. सुनेत्रा. दहावीतली, आणि शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून कुणाच्या बापाला न भिणारी.

"चल गो चेडवा. माझा नशीबच तसा."

"आजोबा, बसा! काका, तीन वर्षं राबलेत ते मिलमध्ये. संपाच्या आदल्या पाळीपर्यंत."

"मग काय मशीन खोटं बोलतं?"

लालबागची ती मिल केव्हाच पडली, तिच्या जागी काचेची बिल्डिंग चढली. पण गेटवरची रजिस्टरं युनियनने वाचवली होती आणि त्यातली ओळ न् ओळ कॉम्प्युटरवर टाइप करून ठेवली होती. मिल कामगारांना मिळणाऱ्या घराच्या अर्जाला त्या नोंदीचा कागद लागायचा. अर्जाचा आज शेवटचा दिवस होता.

सुनेत्रा सरळ टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली. पडद्यावर नाव शोधायच्या चौकटीखाली आणखी एक चौकट होती, 'वगळा'. त्यात एकच शब्द होता. बदली.

"हे काय?"

"कचरा गं. कायम कामगार आला नाही की गेटवर ताटकळणाऱ्यांपैकी एकाला त्याच्या नंबरावर आत घ्यायचे. त्या ओळी ठेवल्या तर घरी झोपलेला माणूससुद्धा हजर दिसतो. म्हणून पहिल्या दिवसापासून मी त्या काढूनच टाकतो."

"अहो, आजोबा बदलीच होते!"

काकांचा हात चष्म्यावर गेला. "मग तुम्ही बोलला नाहीत कधी, लवूशेठ?"

"माका वाटला, तुमका ठाऊक असतला."

सुनेत्राने तो शब्द पुसला आणि 'घाडी' शोधलं. सहा हजार तीनशे चाळीस ओळी! गावचे अकरा घाडी त्याच मिलमध्ये होते, आणि गेटवाल्याने त्यांची शिंकसुद्धा लिहून ठेवली होती.

"वाच आता," काका खिजवत म्हणाले. "दिवाळीपर्यंत होईल वाचून."

"वाचतंय कोण? कचरा काढायचा ना? मग खरा कचरा काढूया." तिने 'चहाला बाहेर' वगळलं, निम्म्या ओळी गळाल्या. 'डबा आत' उडवलं. 'हजेरीचं टिकीट विसरला' उडवलं. आता 'उशिरा आत' टाइप करणार, तोच आजोबांनी तिचं मनगट धरलं.

"ता नको! बदलीवालो उशिराच आत जाय. अर्धो तास कायमवाल्याची वाट बघीत. तो इलो नाय, तर मगे आमका घेत."

तिने तो शब्द राहू दिला. उलट 'बदली, उशिरा आत' एवढंच ठेवलं आणि पुढे 'लवू' जोडलं.

दोनशे अकरा ओळी. शेवटची १६ जानेवारी १९८२, दुसरी पाळी.

आजोबा पडद्यावर बोट टेकवून एकेक तारीख खाली सरकत राहिले. काकांनी मुकाट्याने प्रिंट काढला, शिक्का मारला.

"झालं तुझं काम. ऊठ."

"काका, असे आणखी किती जण परत पाठवलेत?"

काकांची नजर तिच्यामागच्या कपाटाकडे गेली. सुनेत्राने मागे पाहिलं. कपाटावर परत केलेल्या अर्जांची फाइल होती, वीतभर जाडीची.

"सहाला कचेरी बंद होते," काका म्हणाले.

"होऊ दे. मी नाही उठत. त्यांना कचरा म्हणून काढलंत ना, आता नाव घेऊन आत घ्या. हजर होते ते!"

"मोठी आलीय," काका पुटपुटले. पण उठले. फाइल खाली काढली, धूळ फुंकली, चष्मा नाकावर बसवला.

आजोबा दारात पोचले होते. "आनंदा पण माझ्यासारखोच बदलीवालो, हयच भारतमाता टॉकीजकडे ऱ्हवता. त्येका बोलवून आणतंय. तू काम थांबवू नको."

"सांगा काका," सुनेत्राने बोटं मोडली. "पहिलं नाव?"

"जगन तोडणकर."