बिघाडाची वही

मिस्त्रींनी चालत्या पंपाच्या अंगावर तळवा टेकवला आणि ते मॅडमना म्हणाले,

"तुम्हीही हात लावून बघा. तापलाय का?"

मॅडमनी हात लावला नाही. त्या पंपावर नंबराचं स्टिकर चिकटवत होत्या. इमारतीतल्या झाडून साऱ्या यंत्रांचं वय, अवस्था आणि उरलेलं आयुष्य लिहून घ्यायला मालकांनी त्यांना पाठवलं होतं. मिस्त्री सकाळपासून त्यांच्या पुढे पुढे करत होते. गच्चीवरच्या टाकीपासून तळघरातल्या व्हॉल्व्हपर्यंत एकेक वस्तू त्यांनी लेकराचं कौतुक सांगावं तशी दाखवली.

"हा किती वेळा बंद पडलाय, काका?"

"पडू दिला तर पडणार ना."

"म्हणजे शून्य," मॅडम म्हणाल्या आणि तसं लिहिलं. "बिघाडाची वही असेल ना?"

वही होती. सव्वीस वर्षांत तिच्यात सात नोंदी, त्याही पहिल्या दोन वर्षांतल्या. नोंद म्हणजे मिस्त्रीची नाचक्की, असं त्यांच्या उस्तादाने त्यांना शिकवलं होतं. पंपाचा आवाज जरा बदलला की ते भरल्या ताटावरून उठत, वॉशर बदलत, ग्रीस भरत. वर दहा मजल्यांवर लोक आरामात अंघोळी करत आणि खाली बायको गार झालेली भाजी पुन्हा चुलीवर चढवी.

"इतकी कोरी वही मी कुठेच पाहिली नाही," मॅडम म्हणाल्या.

मिस्त्रींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बिचाऱ्यांना ती शाबासकी वाटली.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. यंत्रांत बिघाड जवळजवळ होत नसल्याने कायमच्या मिस्त्रीची गरज उरलेली नाही. लागेल तेव्हा बाहेरचा माणूस बोलावण्यात येईल. कामाबरोबर मिळालेल्या तळघराशेजारच्या दोन खोल्या महिनाअखेर रिकाम्या कराव्यात. त्या दोन खोल्यांखेरीज नवराबायकोला डोकं टेकायला जागा नव्हती.

मिस्त्रींनी मॅडमना फोन लावला.

"मॅडम, बिघाड होत नाहीत ते मी होऊ देत नाही म्हणून."

"असेल, काका. पण ते कागदावर कुठे आहे? न झालेला बिघाड मी मालकांना कसा दाखवू?" मग त्या म्हणाल्या, "अजून महिना आहे. काही बिघडलं तर वहीत लिहा. मी अहवाल बदलून देईन."

बायकोने हे ऐकलं आणि पान्ह्यांची पेटी उचलून थेट पलंगाखाली सरकवली.

"आता कशाला म्हणून हात लावायचा नाही. पडू दे बंद. येतील धावत."

मिस्त्री हातावर हात ठेवून बसले. पंप सुरू झाला की दोघं जेवता जेवता थांबत. त्याने कुठे कुरकुरावं, कुठे एक थेंब गाळावा, म्हणून कान देऊन ऐकत. आपण बिघाडाची वाट पाहतोय याची मिस्त्रींना लाज वाटे, तरी ते ऐकत राहत. बायको तर रोज जिने चढून वरच्या मजल्यांवरच्या बायकांना विचारून येई, पाणी बरं येतंय ना? बरं येतंय, त्या म्हणत. लिफ्टही निमूट वरखाली करत होती. मिस्त्रींनी गेल्या महिन्यात भरलेलं ग्रीस अजून वर्षभर पुरण्यासारखं होतं आणि हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

शेवटच्या दिवशी मॅडम किल्ल्या घ्यायला आल्या. त्यांनी वही उघडून पाहिली. महिनाभर आम्ही कशाला हातही लावलेला नाही, बायको म्हणाली.

"महिनाभर कुणी हात लावला नाही तरी सगळं सुरळीत आहे. म्हणजे माझा अहवाल बरोबरच होता. इथे सही करा, काका."

मिस्त्रींनी वळणदार सही केली. मॅडम गेल्यावर दोघं सामान बाहेर काढायला लागले. मोठ्या ट्रंकेशी बायको मध्येच उभी राहिली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं.

"अहो, इतकं चांगलं कशाला करून ठेवलंत?"

मिस्त्रींनी ट्रंकेची एक कडी धरली.

"ती बाजू धर," ते म्हणाले. "जड आहे."