आडव्या आसाचा ग्रह

संग्रहालयाच्या तळघरातल्या कारखान्यात मामा एकतीस वर्षं लेथवर धातूचे भाग कातत होते. त्यांना हक्काने मामा म्हणणारी भाची एकच. ती वरच्या मजल्यावर ग्रहांचा अभ्यास करायची. पण तिचं ऐकून अख्खी इमारतच त्यांना मामा म्हणू लागली होती.

नव्या दालनासाठी सूर्यमालेचं फिरतं मॉडेल करायचं ठरलं, आणि भाचीने ड्रॉइंग खाली पाठवलं. ते पाहून मामांचं डोकंच फिरलं. गुरू ताठ, शनी जरा कललेला, इथवर ठीक. पण युरेनसचा आस चक्क आडवा! गडी कुशीवर झोपल्यासारखा. शिवाय मोठ्या ग्रहांभोवती लांब तारांवर बारके चंद्र, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त उलटे फिरणारे.

"पोरीने घाईत कागद आडवा धरला," असं म्हणत मामांनी स्वतःच्या अखत्यारीत आस उभा केला, गिअर बदलून सगळे चंद्र एका दिशेला लावले आणि गोळ्यांना आरशासारखं पॉलिश मारलं.

दुपारी भाची आली. हसू दाबत म्हणाली, "मामा, झालंय सुरेख. पण ही आपली सूर्यमाला नव्हे, शेजाऱ्याची असेल."

"अगं, तुझी चूक निस्तरली मी!"

"माझी नाही रे. बस, दाखवते."

तिने स्टूल ओढलं, लॅपटॉप उघडला. पडद्यावर चार मोठे ग्रह गुण्यागोविंदाने गोल फिरत होते, बाहेरच्या बाजूला बर्फाच्या तुकड्यांचा धुरळा. "चार अब्ज वर्षांपूर्वीचं धर. हे गणित आहे, फोटो नाही."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग एक वर्तुळ लांबट झालं, दुसऱ्याला छेदून गेलं. दोन ग्रह एकमेकांच्या इतके जवळून सुटले की मामांचा हात आपोआप लेथ बंद करायच्या लाल बटणाकडे गेला. वाटा कलंडल्या. धुरळा चारी दिशांना उधळला. त्यातले दोन-चार ठिपके मात्र एका ग्रहापाशीच घुटमळत राहिले.

"हे का थांबले?"

"एकट्या ग्रहाजवळून गेले असते तर आले तसे निघून गेले असते. दोन ग्रह शेजारून जात होते ना, त्या ओढाताणीत यांचा वेग गेला. मग सापडले तावडीत. ज्या अंगाने आले त्याच अंगाने फिरतायत, म्हणून काही उलटे."

"आणि तुझा तो आडवा?"

"त्याला बहुधा पृथ्वीएवढं काहीतरी धडकलं. काही जण म्हणतात, धडक नव्हेच, हळूहळू कलला. बघायला कुणी नव्हतं, मामा."

"पुन्हा लाव."

तिने सुरुवात केसभर बदलली. या वेळी एक ग्रह थेट पडद्याबाहेर फेकला गेला. मामा वाकून पडद्याच्या कडेकडे बघत राहिले.

"परत येईल?"

"नाही. आपल्याकडचाही एखादा असाच गेला असावा, असं काहींना वाटतं."

हजारदा मोजून, नेमक्या ठिकाणी कुणीतरी बसवलंय, असं समजूनच मामा आजवर आकाशाकडे बघत आले होते. केसभर फरकाने सगळं निराळं झालं असतं, हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं.

पुढचे चार दिवस त्यांनी सगळं उसकटलं. आस आडवा केला. गोल चंद्र काढून टाकले, कारण पकडलेले चंद्र ओबडधोबड असतात म्हणे. लेथवर सगळं गोलच निघायचं, तेव्हा हातोडा आणि कानस घेऊन एकेक ठोकून बनवला.

पाचव्या दिवशी सकाळी रिकाम्या दालनात भाचीला बोलावून त्यांनी बटण दाबलं. गुरू डौलात निघाला. युरेनस गडगडत गेल्यासारखा वळला, आणि ती वेडीवाकडी पोरं, कुणी तिरपी, कुणी उलटी, आपापल्या तारांवर फिरू लागली. एकही दुसऱ्याला धडकलं नाही.

"जमलं की!" भाची म्हणाली. "बंद करू?"

"थांब. त्याची एक फेरी पुरी होऊ दे."

युरेनसच्या फेरीला चौदा मिनिटं लागत. दोघं फरशीवर मांडी घालून बसले.