ओर्तान्सला गायिका करणारा ढोल

मित्रांनो, मी सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझा स्वतःचा बसायलाही बरेच दिवस लागले!

मी एक जुना ढोल आहे. खारवलेल्या मांसाच्या पिंपावर बोकडाचं कातडं ताणून कॅरिबियन समुद्रातल्या मारी-गालांत बेटावर मला बनवलं. बोकड असा हट्टी, की त्याचं कातडं झालं तरी पावसाळी हवेत बें बें करायचं.

माझा मालक सिद्वान माझ्यावर मांड ठोकून बसे आणि वाजवी. त्याची भाची ओर्तान्स बाजारात मासे कापी आणि कापता कापता गाई. पुढे झूक नावाच्या नाचऱ्या गाण्याचे दिवस आले. बँडवाल्यांनी ठेका देणारं विजेचं यंत्र आणलं, ओर्तान्सला गायला घेतलं आणि मला मंचाच्या कोपऱ्यात टाकलं. लोक माझ्यावर रमचे पेले ठेवू लागले.

गावच्या जत्रेत गाण्यांच्या तबकड्या काढणारा एक साहेब आला. गाणं आवडलं तर तो ओर्तान्सला शहरात नेणार होता. नाहीतर तिचा जन्म माशांच्या खवल्यांत जाणार. संध्याकाळची बोट सुटायच्या बेतात होती. तिनं तोंड उघडलं आणि वीज गेली! यंत्र गप्प. साहेबानं टोपी उचलली.

"मामा, वाजव ना रे!"

"मी कशाला? त्या यंत्राला सांग. इतके दिवस मला कुत्रं विचारत नव्हतं."

"पाया पडते, मामा! साहेब चालला!"

"जाऊ दे. पाण्यातून आलाय, पाण्यातूनच जाईल."

गर्दीतून कुणी ओरडलं, "अगं बाई, गातेस की आम्ही घरी जाऊ?"

बोटीचा भोंगा वाजला. साहेबानं पाठ फिरवली.

आणि मित्रांनो, कुणाचा हातही न लागता मी आपोआप वाजू लागलो! धाड् धाड् धुम्! म्हाताऱ्यांच्याही कमरा हलल्या. ओर्तान्सचा गळा मोकळा सुटला. साहेब धक्क्यावरून धावत परत आला आणि बोट त्याला टाकून गेली. त्या गाण्यानं ओर्तान्स थेट पॅरिसला पोचली.

म्हणून सांगतो, जुन्या ढोलाला अडगळीत टाकू नका. त्याला ऊन दाखवा, कातड्याला तेल लावा. वेळ आली की तो एकटाच...

"एकटाच?" पिकल्या केसांची ओर्तान्स डाव घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. "थापाड्या! बायकांनी ढोलाला शिवायचं नाही म्हणत होते, तेव्हा मामाच्या डोळ्यांदेखत तुला कोपऱ्यातून ओढून, घागरा खोचून तुझ्यावर बसलं कोण? हात असे सुजले होते माझे, की आठवडाभर आई मला घास भरवत होती!"