रुमालाखालचा आकडा

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. बेल्ह्याच्या गुरांच्या बाजारामागे, एका बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर खुर्च्या अकरा होत्या आणि माणसे नऊ. दहावा मी, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा.

मी भागुजी. यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि चौतीस वर्षे पाणीपुरवठा योजनांचे पंप सांभाळले. ओतूरमध्ये मला अजूनही सर म्हणतात. दर पौर्णिमेला आमच्या विहारात वंदना मी सांगतो. मद्यापासून दूर राहण्याचे पाचवे शील मी उच्चारतो आणि लोक माझ्यामागून म्हणतात. गेली सहा वर्षे त्या वेळी माझ्या तोंडात वेलची असते.

दारू सोडण्याचीही मी रीत आखली होती. मोजपात्राने रोज दहा मिलिलिटर कमी करायचे आणि शून्य झाले की स्वयंपाकघरातल्या तक्त्यावर रोज एक खूण करायची. पंपाच्या देखभालीचा असतो तसाच तक्ता. चूक एवढीच की काम करणारा मी होतो आणि तपासणाराही मीच. पंपघरात असे मी कोणालाही करू दिले नसते. बाटली विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत राहिली, मोजपात्र फडताळात गेले आणि तक्त्यावर एकवीस खुणा झाल्या.

रविवारी माझी पत्नी यशोधरा त्या खुणांपुढे बराच वेळ उभी होती. पौर्णिमा बुधवारी होती.

"बुधवारी पाचवं शील खोट्या तोंडानं म्हणालात, तर मी चाकणला स्वप्नाकडे जाईन," ती म्हणाली. "मग लेकीच्या दारात मला न्यायला येऊ नका."

पेटीतली बाटली तिला सापडली होती का, हे तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

दारू सोडणाऱ्यांच्या या गटाचा फोन क्रमांक ओतूरच्या एसटी स्थानकात, वेळापत्रकाशेजारच्या एका कागदावर होता. चार महिन्यांत तो मला पाठ झाला होता. त्या संध्याकाळी प्रथमच लावला. पलीकडच्या माणसाने नाव विचारले नाही. बैठक बाजाराच्याच दिवशी असते, असे त्याने सांगितले. कारण सौदा झाला की प्यायला बसण्याची रीत आहे, आणि ज्याला ती मोडायची आहे त्याला त्याच दिवशी बसायला दुसरी जागा हवी. जवळ आणखी एक बैठक भरत होती, पण तिथे मला सर म्हणणारे निघाले असते. यशोधरेला मी बेअरिंग आणायला जातो असे सांगितले. निघण्यापूर्वी, आठ वाजून दहा मिनिटांनी, हात थरथरू नयेत म्हणून स्टार्टरची पेटी उघडून दोन घोट घेतले.

माडीवर प्रत्येक जण नाव सांगून दारूविना गेलेले दिवस सांगत होता. एका ट्रॅक्टरचालकाचे चारशे बारा झाले होते. कुशाबाई नावाच्या बाईंचे नऊ. माझी पाळी आली तेव्हा नाव बाहेर पडले, पुढे काहीच नाही. मला जिना दिसत होता.

शेजारी धर्माजी बसले होते, बैलांचे जुने व्यापारी. त्यांनी खांद्यावरचा रुमाल आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. बाजारात बैलाची किंमत अशीच ठरते. रुमालाखाली एकाने दुसऱ्याची जितकी बोटे धरावीत तितका आकडा, आणि तो त्या दोघांतच राहतो.

"बोलू नगा, पावणं. बोटं धरा."

मी आधी त्यांची दोन बोटे धरली, मग एक. एकवीस. धर्माजींनी हात सोडला नाही. वेलची चघळूनही माझ्या श्वासाचा वास त्यांना येत असणार.

"बैल म्हातारा आसंल, लंगडा आसंल, त्ये वरून सांगताना आमी लई खोटं बोलतो," ते हळूच म्हणाले. "पन रुमालाखाली न्हाई. तितं खोटा आकडा दिला, की फिरून त्या मानसाचा हात कुनी धरत नाय."

मी त्यांची बोटे सोडली. त्यांचा तळवा माझ्यापुढे उघडा राहिला आणि मी एकही बोट धरले नाही.

धर्माजींनी मान हलवली, रुमाल झटकून खांद्यावर घेतला आणि पुढच्याला बोलायला सांगितले. आकडा त्यांनी कोणालाही सांगितला नाही. इतक्या वर्षांची दारू एकदम तोडताना जिवावर बेतू शकते, असे बजावून ट्रॅक्टरचालकाने मला बैठकीनंतर थेट डॉक्टरांकडे नेले. गोळ्या मिळाल्या.

घरी येऊन मी यशोधरेपुढे बाटली ठेवली आणि तक्ता भिंतीवरून काढला. एकवीसपैकी एकही खूण खरी नाही, असे सांगितले. "एकवीस दिवस खोटं दाखवलंत," ती म्हणाली. मंगळवारी सकाळी तिने पिशवी भरली. एसटीपर्यंत पिशवी मी उचलून नेऊ लागलो. तिने दोनदा माझ्या हातातून काढून घेतली. गाडी निघाली तेव्हा तिने खिडकीतून पाहिले नाही.

ती रात्र आणि पुढचा दिवस कसा गेला ते मी लिहू शकत नाही. पेला दोन्ही हातांनी धरावा लागत होता.

बुधवारी विहारात मी वंदना सांगायला नकार दिला. शिक्षिका असलेल्या नूतनने ती सांगितली. मी शेवटच्या ओळीत बसलो. पाचवे शील आले तेव्हा माझ्या तोंडात वेलची नव्हती. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी बाहेर येऊन मी चाकणला फोन लावला. यशोधरेने उचलला. तिने विचारले, "किती?"

मी सांगितले, एकोणसाठ तास.