परतभेटींची परतपाठवणी

तोमोएचं पुस्तक छापून आलं तेव्हा खोक्यांनी दारातली चपला काढायची जागाच अडवली. नवरा हारुयोशी रोज त्यांना ठेचकाळायचा आणि रोज विचारायचा, एवढ्या प्रती छापायला कुणी सांगितलं होतं? सांगितलं कुणीच नव्हतं. उलट टोकियोच्या एका प्रकाशकाने अगदी गोड शब्दांत कळवलं होतं, की लहान गावातल्या सार्वजनिक न्हाणीघराची गोष्ट कोण वाचणार! मग शाळेच्या स्वयंपाकघरात राबून साठवलेल्या पैशातून तिने ते स्वतःच छापलं. नाव ठेवलं ‘गरम पाणी’.

न्हाणीघर तिच्या वडिलांचं. अख्खी गल्ली तिथे अंघोळ करून लहानाची मोठी झाली. आता वडील नाहीत, धुरांडं पाडलंय आणि त्या जागेवर लोकांच्या मोटारी उभ्या असतात. जे काही उरलं होतं ते या खोक्यांत. कुणी वाचलंच नाही तर वडील तिथूनही जातील, या एका भीतीने तिला चैन पडत नव्हतं.

तिने घरोघरी जाऊन, वाकून, दोन्ही हातांनी पुस्तक दिलं. लोकांनीही वाकून घेतलं. आणि मग परतभेटी सुरू झाल्या. रीतच आहे ती. कुणी काही दिलं की त्याच्या निम्म्या किमतीचं काहीतरी परत करायचं, म्हणजे आपण मोकळे. साबणाच्या वड्या आल्या, रुमाल आले, तांदळाच्या खाऱ्या चकत्या आल्या. कोपऱ्यावर तोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, विकणारी शिमेको तर दुसऱ्याच दिवशी योकानच्या गोड वड्यांचा डबा घेऊन हजर. पुस्तक कसं वाटलं, असं तोमोएने भीत भीत विचारलं.

“कागद फार छान आहे हं,” शिमेको म्हणाली.

कागद! एक हिवाळाभर डोळे फोडून लिहिलं, आणि हिला दिसला तो कागद. हारुयोशी मात्र चकत्या खात म्हणत होता, बघ, लोक किती रीतीला धरून आहेत. तोमोए भेटींच्या त्या ढिगाकडे बघत राहिली. साबणाची वडी देऊन सगळ्यांनी तिच्या वडिलांचा हिशेब मिटवून टाकला होता. तिला रडू आलं नाही. राग आला, आणि राग आला की तिला काम सुचतं.

सकाळी तिने सगळे डबे सायकलच्या टोपलीत रचले. हारुयोशी दारात आडवा उभा राहिला. परतभेट परत केल्याचं त्याने जन्मात ऐकलं नव्हतं.

“गावात तोंड दाखवायला जागा ठेवणार आहेस का?”

“तोंड तुमचं तुम्ही सांभाळा. मी पुस्तक सांभाळते.”

प्रत्येक दारात तिने एकच सांगितलं. ही भेट परत घ्या, नाहीतर पुस्तक परत द्या. मला खाऊ नको, वाचून काय वाटलं ते सांगा. न्हाव्याने दुकानात असून नसल्याचं सोंग केलं. दाताच्या डॉक्टरांच्या बायकोने हसत हसत पुस्तकच परत दिलं, वरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेलं. ते फार लागलं. तोमोएने ते टोपलीत ठेवलं आणि पुढच्या दाराची घंटा वाजवली. शिमेकोने गाल फुगवून योकानचा डबा घेतला आणि दार लावून टाकलं.

त्यानंतर गल्लीने तिच्याशी बोलणंच टाकलं. शिमेकोकडे जायची सोय राहिली नाही, म्हणून हारुयोशी मोठ्या दुकानातून तोफू आणायचा आणि जेवताना म्हणायचा की रबर खाल्लेलं बरं. तोमोए निमूटपणे तेच रबर खात होती. ती माफी मागायला कुठेही गेली नाही.

मग एका दुपारी शिमेको आली. अंगावर दुकानातला ओला एप्रन, पुस्तक काखेत. बसायच्या आधीच तिने तोंड सोडलं.

“माझा नवरा न्हाणीघरात बेसूर गायचा, असं लिहिलंयस तू.”

“गायचे, काकू. मधल्या भिंतीच्या वरून आम्हा बायकांच्या बाजूला सगळं ऐकू यायचं.”

“तू एवढीशी होतीस. तुला काय कळतंय गाण्यातलं?”

“बेसूर कळायला कशाला मोठं व्हायला पाहिजे?”

शिमेकोने खूण घातलेलं पान उघडलं आणि त्यावर बोट ठेवलं.

“गायचा बेसूर. पण का गायचा, ते कुठे लिहिलंयस? माझी अंघोळ झाली, आता तू पण आटप, बाहेर थंडीत ताटकळायला नको, हे पलीकडे मला कळावं म्हणून गायचा गं तो. पुढच्या छपाईत घाल ते.”

तोमोएने मान हलवली आणि चहा टाकायला उठली. जाता जाता तिची नजर उंबऱ्याकडे गेली; तिथे कुठलाही डबा नव्हता. कुणाच्याही घरी कधी काही घेतल्याशिवाय न गेलेली शिमेको आज ते एक पुस्तक सोडलं तर रिकाम्या हातांनी आली होती.